'औदुंबर' आणि तुझं न करमणं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, कारण काहीच नाही, पण करमत नाही." तेव्हापासून बालकवींची 'औदुंबर' मनात घोळते आहे, म्हणून हे पत्र.

आठच ओळी. दोन्ही तटांवर हिरवाळी घेऊन वाहणारा निळासावळा झरा, पलीकडे टेकडीजवळ चार घरांचं गाव, पुढे शेतमळ्यांची दाटी. मग एक पांढरी पायवाट 'हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे'. इथं मी दरवेळी थांबतो. गावात कुठं भांडण नाही, शेतं सुकलेली नाहीत, तरी ती वाट आडवीतिडवी होत तिकडेच जाते. मनही असंच जातं गं. मागे काही घडलेलं असावंच लागतं असं नाही.

'आनंदी आनंद गडे' लिहिणाऱ्या बालकवींनीच 'कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला' असंही लिहिलं. पहिली कविता लहानपणीच पाठ होते. दुसरी बहुतेकांना फार उशिरा भेटते, याचं मला वाईट वाटतं.

औदुंबर म्हणजे आपला उंबरच. उंबर दिसला की जवळ पाणी असणार, असं विहिरीची जागा शोधणारी जुनी माणसं सांगत. कवितेतला औदुंबर डोहापासून दूर सरत नाही, त्यात बुडतही नाही. 'पाय टाकुनी जळांत' बसतो. आणि त्या पाण्यावर पसरलेल्या काळिम्याला कवी चक्क गोड म्हणतो! कुणाला या झाडात विरक्त योगी दिसला, कुणाला मरणाची चाहूल. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादलीला रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, वय अवघं २७. पण म्हणून या ओळींत त्यांचा मृत्यू शोधणं मला पटत नाही. मला तिथं जिवंत झाड दिसतं, ओलीत मुळं रोवलेलं.

तुझी आजी गेली त्या वर्षी जो तो मला सांगायचा, कशात तरी मन रमव. सगळे मायेनंच सांगत होते. पण या कवितेनं मला नुसतं बसू दिलं. तिच्यात एकही माणूस नाही, त्यामुळे समजूत घालायलाही कुणी नाही. तेव्हापासून ती माझी झाली.

तूही थोडी बस. कारण शोधत स्वतःला दमवू नकोस. मात्र हे लांबत गेलं, झोप आणि जेवण तुटलं, तर सरळ डॉक्टरांकडे जायचं आणि मला कळवायचं. मी पहिल्या गाडीनं येईन.

बालकवींचं पुस्तक पाठवतो आहे. 'फुलराणी' तुला पाठ आहेच. 'पारवा' सावकाश वाच आणि काय वाटलं ते लिही. माझ्याहून वेगळं वाटलं तर जास्त आवडेल.

तुझे,
बाबा