सिंहांआधी दाखला होता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला आद्य ख्रिस्ती हुतात्म्यांवरचा लेख वाचला. तीनशे वर्षे रोमन लोक ख्रिस्ती माणसांना कोलोसियममध्ये सिंहांपुढे टाकत होते, असा त्याचा एकूण सूर. कोलोसियमबद्दल त्या काळातला भक्कम पुरावा नाही आणि छळही सलग नव्हता. सम्राट ट्रेजनने इ.स. 112च्या सुमारास प्लिनी या सुभेदाराला कळवले होते, की ख्रिस्ती लोकांना हुडकत बसू नका. आरोप शाबीत होऊनही देवांची पूजा नाकारली, तरच शिक्षा करा. निनावी तक्रारी मात्र मुळीच घेऊ नका. (आमच्या साहेबांना हे कुणी सांगितले असते तर!)

लेखात राहून गेले ते सम्राट डेसियसचे फर्मान. सगळ्या प्रजेने देवांना बळी द्यावा, मद्याचे अर्घ्य सोडावे, बळीचे मांस प्रसाद म्हणून चाखावे आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. एकावर तारीख आहे 26 जून 250. अर्जदार ऑरेलियस डायोजेनिस, वय 72, ओळखीची खूण: उजव्या भुवईवर व्रण. मी आजवर देवांना बळी देत आलो, आताही तुमच्यासमक्ष दिला, तरी दाखला मिळावा, असा मजकूर. खाली 'पाहिले' म्हणणाऱ्याची सही. तहसील कचेरीत दाखले लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. नमुना बघून हात शिवशिवले.

दुसरा दाखला चक्क मगरदेव पेटेसुखोसच्या पुजारणीचा आहे. तिनेही अर्ज करायचा! मनात काय आहे हे विचारलेच जात नव्हते. विधी यथासांग झाला, की देवांची मर्जी राहिली आणि राज्य सुखरूप. ख्रिस्ती माणूस अडला तो नेमका इथे, कारण दुसऱ्या देवांना बळी देणे त्याच्या धर्मात बसत नव्हते. रोमचा बिशप फेबियन जानेवारी 250मध्येच मारला गेला. कित्येकांनी मुकाट्याने बळी दिला, तर काहींनी न देताच पैसे मोजून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर अशांना परत चर्चमध्ये घ्यायचे का, यावरून उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचा बिशप सिप्रियन याच्या डोक्याला मोठा ताप झाला. तो स्वतः 250मध्ये लपून राहिला होता, त्यामुळे टोमणेही खावे लागले. 258मध्ये त्याचाही शिरच्छेद झाला.

लेखकमहाशयांनी पुढच्या रविवारी सिंहांना सुटी देऊन या दाखलेवाल्यांवर लिहावे, ही विनंती.

— एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा