रात्रीच्या लाइटची गाणी

लाइपझिग, जर्मनी
रविवार, 11 जानेवारी 2026

ती. नाना आणि माय,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. दोन वेळा पोटभर जेवते, कानटोपी घालते, सर्दी नाही. माय, एवढं दोनदा वाच आणि मगच पुढे जा.

रोज फोनवर तोंड दिसतं, मग हा कागद कशाला, असं नाना म्हणतील. सोबत पेन ड्राइव्ह आहे म्हणून. वर्गातला एक भुसावळचा मुलगा घरी निघालाय, त्याच्याजवळ देते आहे. (माय, तो स्वतःच्याच साखरपुड्याला निघालाय. डोक्यात काही आणू नको.) भाऊने आणलेल्या छोट्या स्पीकरला हा लागतो. दिवाळीत नाना सहज बोलून गेले होते, की रात्रीची लाइट असली आणि छायागीत संपलं, की गव्हाला पाणी भरताना रात्र सरता सरत नाही. तेव्हापासून एकेक गाणं बाजूला काढत होते. 11 झाली. एकाचीही भाषा तुम्हाला कळणार नाही, मलाही बहुतेकांची कळत नाही. पण 'हाई काय गानं शे का?' म्हणून पहिल्याच मिनिटाला बंद करू नका. एक वाफा भरेपर्यंत तरी वाजू द्या.

ही गाणी मला सापडली ती भाकरीमुळे.

इथे रविवारी आवाज करायचा नसतो. दुकानं बंद असतात हे मागेच सांगितलं होतं. पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल नाही, काही इमारतींत तर वॉशिंग मशीनसुद्धा लावायचं नाही. काचेच्या रिकाम्या बाटल्या टाकायला रस्त्याच्या कडेला मोठ्या टाक्या असतात. त्यांच्यावरही वेळ लिहिलेली, कारण बाटली आत पडताना खळकन वाजते. मी एकदा लोणच्याची रिकामी बरणी घेऊन तिथे उभी राहिले, तर सायकलवरची एक बाई थांबून म्हणाली, "आज रविवार आहे." एवढंच. रागावली नाही, आज अमावस्या आहे म्हणावं तसं म्हणाली. मी बरणी घरी परत आणली. मला वाटलं ही लोकांची आपली सवय असेल. पण नाही, रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेतच आहे. 1919 च्या जुन्या घटनेतलं कलम 1949 च्या नव्या घटनेने तसंच ठेवलंय. शिवाय रोज रात्री 10 ते सकाळी 6 ही वेगळी शांतता. आपल्याकडे वरात चौकात दोन-दोन तास अडते आणि बँजोवाल्याला कोणी पुरे म्हणत नाही, हे इथे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं.

तर नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी मी भाकरी थापत होते. मायने दिलेलं दादर ज्वारीचं पीठ, शेवटचा डबा. संध्याकाळी दाराला चिठ्ठी: कृपया रविवारी ठोकाठोकी करू नये. खालच्या मजल्यावरचे आजोबा. मला रडूच आलं. पाच मिनिटं, जास्त नाही. मग उरलेली भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन खाली गेले आणि ओट्यावर हात आपटून दाखवला, की हा तो हातोडा. आजोबांनी भाकरी खाल्ली, चटणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि निघताना त्यांनी माझ्या हातात एक जुना हेडफोन ठेवला. गाणी यातून ऐक म्हणाले. म्हणजे माझ्या गाण्यांचीही तक्रार होती, बोलले नव्हते इतकंच.

(फुईला सांगा, त्याने कान जात नाहीत. आवाज कमी ठेवते.)

पहिलं गाणं सेझारिया एव्होराचं. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात केप व्हर्दे नावाची कोरडी बेटं आहेत, तिथली ही बाई. पन्नाशीला आली तेव्हा कुठे जगाला कळली. स्टेजवर अनवाणी उभी राहून गायची. तिथली माणसं साओ टोमेला कोकोच्या मळ्यांवर मजुरीला जायची, चाळीसगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तशी. त्याचं गाणं आहे. त्यात 'सोदाद' हा शब्द सारखा येतो. हुरहुर म्हणा. मला कधीतरीच होते, फार नाही.

दुसरं नानांचं. अली फार्का तुरे, माली देशातला, गिटार वाजवायचा आणि विचारलं की स्वतःला शेतकरीच म्हणायचा. नायजर नदीकाठी त्याचं गाव. एका रेकॉर्डिंगच्या वेळी तो शेत सोडून येईना, म्हणून मशीन उचलून लोक त्याच्या गावी गेले. गावात लाइट नव्हती, जनरेटरवर काम चाललं, तेही शेतातून मोकळा झाला की. 2004 मध्ये गावाने त्याला नगराध्यक्ष केलं. हे गाणं मोटारीच्या आवाजात बरोबर मिसळतं, मी मनातल्या मनात लावून पाहिलंय.

तिसरं तुर्कीचं. 1961 मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी करार करून कामगार आणले, त्यांची नातवंडं आता माझ्या वर्गात आहेत. गाणारा नेशेत एर्ताश. बोटं आखडली म्हणून उपचाराला जर्मनीत आला तो 20 वर्षं इथेच राहिला. परमुलखाला ते 'गुर्बेत' म्हणतात. आपण जुन्या हिंदी गाण्यांत 'गुरबत' ऐकतो, ते याच शब्दाचं भावंड. उर्दूत त्याचे दोन्ही अर्थ होतात, परदेश आणि गरिबी. भाजीवाला तुर्की आहे, त्याला हे सांगितल्यापासून तो कोथिंबीर फुकट देतो.

चौथं बाखचं. तो 1723 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1750 पर्यंत, इथल्याच थोमास चर्चमध्ये संगीत सांभाळायचा. सुरुवातीची काही वर्षं तर जवळजवळ दर रविवारी नवीन रचना. आवाज नको म्हणणाऱ्या याच रविवारी! तिथला पोरांचा गायकवृंद 1212 पासून चालू आहे. शनिवारी दुपारी 3 वाजता ऐकायला जाते, आजोबांनीच सांगितलं होतं. फोटो बघून फुईने जे विचारलं ते मला कळलं. मी गाणं ऐकायला जाते. देव्हाऱ्यात बाळकृष्ण आहे, दिवाही लावते.

बाकीची ऐकून बघा. 8 आणि 9 टिनारिवेनची, वाळवंटातले लोक आहेत, ती भाऊसाठी. डीजेवाल्याला देऊन बघ म्हणावं.

तुमच्याकडे रात्रीचे अडीच होतात तेव्हा इथे 10 वाजतात, शांतता सुरू होते आणि मी हेडफोन लावते. त्या वेळी तुम्ही बांधावर असता. बूट घालत जा नाना, विंचू-काट्याचं असतं. बॅटरी नवीन घ्या.

आता गुड्डीच्या लग्नाचं. पुढे अधिक ज्येष्ठ लागतोय, तारीख एप्रिलबाहेर नेता येत नाही हे मला कळतं. पण माझा प्रबंध 30 एप्रिलला द्यायचाय. तिला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका. मायच्या मोतीबिंदूच्या वेळीही मी नव्हते, भाऊनेच सगळं केलं, ते माझ्या लक्षात आहे. प्रत्येक फोनला कोणी आठवण करून द्यायला नको. तिकिटाचे पैसे वाचतील त्यात थोडे घालून 50 हजार पाठवते. मंडपाला घ्या किंवा तिच्या अंगावर घाला. बेकरीत पहाटे काम करते त्यातले आहेत. काम नियमातलं आहे, विद्यार्थ्याला वर्षाला 140 दिवस चालतं. झोप पूर्ण होते.

जळगावच्या स्थळाला नाही म्हणत नाही. फोटो पाठवा. पण माझ्या वतीने हो म्हणून येऊ नका.

तुमची,
मोठी

ता. क. 5 नंबरचं गाणं 1974 चं आहे, मशिनींवर वाजवलेलं, मोठ्या रस्त्यावरून गाडी चालल्यासारखं, आणि ते 22 मिनिटांचं आहे. अडकलं समजून स्पीकर आपटू नका.