वह्यांना पैसे मिळतात, हिशेबनिसाला नाही

महोदय,

पुण्यातल्या वस्त्यांमध्ये अभ्यासिका, पाळणाघरे, समुपदेशन केंद्रे चालवणाऱ्या छोट्या संस्थांना वह्या-दप्तरांसाठी देणगीदार मिळतो. हिशेबनिसाच्या पगाराचा विषय निघाला की मात्र ‘तो खर्च आम्ही धरत नाही’ असे उत्तर येते. (वह्यावाटपाचा फोटो तरी छापता येतो, ऑडिटचा काय छापणार!)

कागदपत्रे मात्र वाढतच चालली आहेत. धर्मादाय कार्यालयात वार्षिक हिशेब, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, ८०जीच्या (देणगीदाराला करसवलत मिळणाऱ्या) देणग्यांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक दायित्व) निधी हवा तर सीएसआर-१ नोंदणी. बहुतेक ठिकाणी दिवसा वर्ग घेणारी ताईच रात्री बसून हे सारे करते.

काही कंपन्या ५ टक्क्यांच्या मर्यादेकडे बोट दाखवतात. सीएसआर नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. संस्थेने पगारावर किती खर्च करावा, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांनी आणि शहरातल्या जुन्या न्यासांनी प्रकल्पनिधीसोबत क्षमताबांधणीसाठी वेगळे अनुदान द्यावे. त्यातून अर्धवेळ हिशेबनीस, सॉफ्टवेअर, दुसऱ्या फळीतल्या कार्यकर्त्याचे मानधन भागेल. तेही किमान तीन वर्षे द्यावे. वर्षभरात माणूस जेमतेम तयार होतो आणि पैसे संपतात. चार-पाच संस्थांनी मिळून एक हिशेबनीस नेमला, तर त्यालाही हे अनुदान लागू असावे. आणि अर्जाचा नमुना कृपया दोन पानी, मराठीत ठेवावा.

– एका छोट्या संस्थेचा विश्वस्त, सदाशिव पेठ, पुणे ३०