सर्जनचं काम टाक्यांपाशी संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आमच्या सरांवरचा लेख वाचला. सरकारी दवाखान्यात जन्म काढलेल्या सर्जनला तुम्ही अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आभार. पण कालचा दिवसभर माझी चिडचिड होत होती. ‘देवदूत’ झालं, ‘जादूई हात’ झालं, शस्त्रक्रियांचा भलामोठा आकडा झाला, सत्काराचे फोटो झाले. सर रोज दवाखान्यात करत काय होते, ते मात्र पानभर शोधूनही सापडलं नाही. मी त्यांच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, आणि पुढे सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते, म्हणून लिहिते आहे.

आधी चुका. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया सरांनी इंदुरात केली, हे साफ खोटं आहे. ती १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी केली. हे मला सरांनीच सांगितलेलं. ते स्वतः हे तंत्र पन्नाशी उलटल्यावर शिकले, वयाने लहान सर्जनच्या शेजारी उभे राहून. पित्ताशय सुजून चिकटलेलं असलं, नळ्या नीट ओळखू येत नसल्या, की दुर्बीण बाजूला ठेवून सरळ पोट उघडायचे. पित्तनलिका चुकून कापली गेली तर माणूस आयुष्यभर भोगतो, हे त्यांना माहीत होतं.

‘त्यांच्या आधी इंदुरात ऑपरेशनची धड सोय नव्हती’ हे वाक्यही कुणी लिहिलं? या गावात डॉक्टरकीचं शिक्षण १८७८ पासून आहे. आधी मेडिकल स्कूल होतं, १९४८ साली महात्मा गांधी मेडिकल कॉलेज झालं. त्याच्या पहिल्याच तुकडीत शिकलेल्या डॉ. भक्ती यादव वयाच्या नव्वदीपर्यंत बायकांना तपासत होत्या आणि २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे इंदूरचं लहान मूलही सांगेल. सरांना मोठं करायला आधीच्या सगळ्यांना पुसून टाकायची काय गरज होती?

आता ‘जादू’बद्दल. झाबुआकडचा एक मुलगा होता, तेरा-चौदा वर्षांचा. दोन-तीन आठवडे ताप, गावातल्या झोलाछाप डॉक्टरची इंजेक्शनं, आणि मग एका रात्री पोट लाकडासारखं कडक. उभं करून काढलेल्या एक्स-रेत छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसत होती. टायफॉइडने आतडं फुटलेलं. सरांनी त्याला रात्रीच ऑपरेशनला घेतला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दोन भोकं होती आणि आतडं इतकं लिबलिबीत झालेलं की टाका घातला तर चिरत जाईल. म्हणून त्यांनी आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढलं. तुमच्या लेखाच्या हिशेबाने त्या आकड्यात एकाची भर पडली आणि विषय संपला.

आमच्या वॉर्डात तो तिथे सुरू झाला. लहान आतड्यातलं पाणी कातडीला जाळतं. तिसऱ्या दिवशी पोराच्या पोटाची कातडी सोलून लाल झाली, हात लावला की किंचाळायचा. आजच्यासारख्या चिकटणाऱ्या पिशव्या तेव्हा आमच्याकडे नव्हत्या. सर राउंडच्या आधी, सकाळी लवकर, स्वतः यायचे. सलाइनने पुसायचं, कोरडं करायचं, झिंक ऑक्साइडची पेस्ट, कधी ॲल्युमिनियम पेंट, आणि वरून प्लास्टिकची पिशवी बेताने बांधायची. हाताखाली इतके रेसिडेंट, म्हणजे शिकणारे डॉक्टर, होते, कुणालाही सांगता आलं असतं. बाहेर पडलेलं पाणी मोजून लिहिलं नसेल तर मात्र त्या रेसिडेंटची खैर नसे, कारण त्या पाण्याबरोबर मीठ जातं आणि दोन दिवसांत पोरगं मान टाकतं.

आई पोटाकडे बघायलाच तयार नव्हती. ‘साब, ये बंद कर दो’ एवढंच म्हणायची. सर तिच्याशेजारी जमिनीवर उकिडवे बसून सांगायचे की आत्ता बंद केलं तर पुन्हा फुटेल. तिचा हात धरून तिला पुसायला शिकवलं. स्वयंपाकघरात सांगून पोराला जादा दूध-अंडी लावली. वजन वाढल्याशिवाय दुसरं ऑपरेशन करायचं नाही, हे त्यांचं पक्कं होतं. वरून खाट रिकामी करा म्हणून निरोप यायचे, ते ऐकून घ्यायचे आणि पोराला दर आठवड्याला काट्यावर उभं करायचे. काही महिन्यांनी आतडं जोडून आत घातलं. पोरगं आपल्या पायांनी घरी गेलं. त्या वॉर्डात असं करून वाचवलेली ती एकच केस नव्हती, आणि सगळ्या वाचल्या असंही नाही. महिन्याच्या मृत्यूंच्या मीटिंगमध्ये सर आपल्या युनिटचे मृत्यू सगळ्यांत आधी स्वतः वाचायचे, कुठे उशीर झाला ते सांगायचे. ज्युनियरच्या अंगावर ढकललेलं मी कधी पाहिलं नाही.

हे लेखात यायला हवं होतं. शिवाय रात्री-बेरात्री भूल देणारे डॉक्टर, ट्रॉली लावणाऱ्या सिस्टर, स्ट्रेचर पळवत आणणारे वॉर्डबॉय, यातल्या कुणाचा तुमच्या पानात उल्लेखही नाही. सर असते तर त्यांनी ते पान तिथेच मिटून ठेवलं असतं. आणि तो ओटीचा फोटो! मास्क हनुवटीवर, हातमोजे न घालता आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा, धरलेला. असा माणूस सरांनी ओटीच्या दारातूनच परत पाठवला असता. जी पोरंपोरी नर्सिंगला, मेडिकलला आहेत, ती हे पान बघतात. त्यांना काय शिकवता आहात?

जाता जाता आणखी एक. मोठ्या दवाखान्यासमोर बसथांब्याला शेड नाही, धार, खरगोन, झाबुआकडून आलेले नातेवाईक उन्हात पेशंटला मांडीवर घेऊन बसतात, असं मी मागे लिहिलं होतं. तुम्ही त्यातलं ‘डॉक्टरांचे आभार’ तेवढं ठेवलंत आणि शेडचं सगळं कापलंत. आभार मानायला मी पत्र लिहिलंच नव्हतं.

१९९० च्या शस्त्रक्रियेची आणि इंदूरच्या इतिहासाची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींत नको. आणि या वेळी शेडचं कापू नका.

आपली,
एक निवृत्त सिस्टर
रामबाग, इंदूर