बाबेलास गेलेलं पत्र

नगर
रविवार, उपासनेनंतर

चि. बाळ हिस,

आईचे अनेक आशीर्वाद आणि प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, चिठ्ठी टाकून निघालेलं वचन देव खरंच माझ्यासाठी म्हणून देतो का गं?" मी म्हटलं, लिहून कळवते. मला टाळायचं नव्हतं. उत्तर द्यायला तुझ्या पप्पांच्या आजारपणापर्यंत मागं जावं लागणार होतं आणि तुझी नाइट ड्युटी पाच मिनिटांवर आली होती.

आधी तुझ्या वॉर्डातल्या त्या जर्मन आजींच्या पुस्तकाबद्दल. फोटो मी मोठा करून करून पाहिला. भाषा कळली नाही, पण पानाची मांडणी तू सांगितलीस तशी कळली: वर जुन्या करारातलं एक वचन, खाली नव्या करारातलं एक, आणि शेवटी छोटी प्रार्थना नाहीतर गीताचं कडवं. आज उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना दाखवला, तर त्यांना ते लगेच ओळखू आलं. म्हणाले, हे हर्नहूटचं. तुझ्या ड्रेस्डेनच्याच राज्यात, पूर्वेच्या टोकाला ते गाव आहे. १७२२ साली मोरावियातून विश्वासापायी घरदार सोडून आलेली माणसं तिथं झिन्झेन्डॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर उतरली. ख्रिस्टियन डेव्हिड नावाच्या सुतारानं पहिलं झाड तोडलं आणि वस्ती उभी राहिली. मग १७२८ च्या मे महिन्यात एका संध्याकाळच्या गायनसभेत झिन्झेन्डॉर्फनं सगळ्यांना दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं. पुढं रोज सकाळी कुणीतरी ते वचन घरोघर जाऊन सांगायचं. १७३१ पासून त्याचं पुस्तक निघतं, आणि तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. इतक्या लढाया झाल्या तुमच्या त्या जर्मनीत, तरी नाही.

जुन्या करारातलं वचन तिथं अजून सोडतीनं निघतं, साधारण १८०० वचनांतून, आणि तेही तीन वर्षं आधी. म्हणजे त्या आजींनी ज्या दिवशी तुझा हात धरून तुला ते पान दाखवलं, त्या पानावरचं वचन निघालं तेव्हा तू इथं नगरमध्ये भाषेच्या क्लासला सायकलवर जात होतीस. खालचं नव्या करारातलं वचन मात्र सोडतीचं नसतं. वरचं वाचून, त्यावर विचार करून, त्याला शोभेल असं वचन कुणीतरी बसून निवडतं. मला ही गोष्ट फार आवडली. वचन दारापर्यंत येईल तसं येऊ दे, पण पुढं माणसानं बसायचं असतं.

आता आपल्या घरातली गोष्ट. तू तेव्हा आठवीत होतीस, त्यामुळं सगळं तुला कळू दिलं नव्हतं.

त्या वर्षी ३१ डिसेंबरच्या वॉच नाइटला, म्हणजे वर्षाअखेरच्या रात्रीच्या उपासनेला, नेहमीप्रमाणे वेदीजवळ ताट ठेवलं होतं, वचनांच्या कार्डांचं. पप्पांनी काढलेल्या कार्डावर यिर्मया संदेष्ट्याचं वचन होतं, २९:११. "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, असे परमेश्वर म्हणतो, ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." पप्पांना रिपोर्ट मिळून पंधरा दिवस झाले होते. मी ते कार्ड हातात घेऊन चर्चमध्येच रडले. मला वाटलं, झालं, देवानं सही करून दिली. ते कार्ड मी त्यांच्या उशाखाली ठेवलं, दवाखान्यात नेलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला दाखवलं. ऑगस्टमध्ये पप्पा गेले. सामान आवरताना उशीच्या अभ्र्यातून ते कार्ड बाहेर पडलं, कडा दुमडलेलं, एका कोपऱ्यावर औषधाचा पिवळा डाग. मी ते फाडलं नाही, पण कपाटावरच्या वचनांच्या डबीसकट ट्रंकेत टाकलं आणि ट्रंक माळ्यावर चढवली. त्यानंतर सात-आठ महिने मी शास्त्र उघडलं ते फक्त चर्चमध्ये, तेही माणसं बघतात म्हणून.

बाळ, मी देवावर रागावले होते. हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

पुढं एका पहाटे झोप येईना, तेव्हा भांडायचंच म्हणून मी यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय काढला. अकरावं वचन मला पाठ होतं. त्याच्या आधीची दहा मी आयुष्यात कधी धड वाचली नव्हती. बायबल शिकवण्यात जिची इतकी वर्षं गेली, शब्बाथ शाळेत पोरांच्या बक्षिसांसाठी जिनं वचनं पाठ करून घेतली, तिनं वाचली नव्हती.

तो सगळा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमेतली माणसं धरून बाबेलास नेली होती. मागं राहिलेल्या यिर्मयानं त्यांना पत्र लिहिलं, आणि सिद्कीया राजाची माणसं बाबेलास निघाली होती त्यांच्या हाती ते दिलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतोय की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना तेच हवं होतं. मलाही जानेवारीत तेच हवं होतं. यिर्मयाचं पत्र सांगतं, घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा. लेकरांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि सत्तर वर्षांनी मी तुम्हांला परत आणीन. हे सगळं झाल्यावर ते अकरावं वचन येतं.

मी तिथंच बोटांवर हिशेब केला. पत्र ऐकणारा चाळिशीचा माणूस परत येणार नव्हता. माझ्यासारख्या बाया येणार नव्हत्या. ते वचन ज्यांना वाचून दाखवलं, त्यांतल्या बहुतेकांची हाडं बाबेलातच राहिली. तरीही देव त्यांना हिताचे संकल्प म्हणतो. आणि आपल्या मराठीत तर ते अगदी स्पष्ट आहे: 'तुझ्याविषयी' नाही, 'तुमच्याविषयी'. अख्ख्या लोकांना, लेकरांसकट, नातवंडांसकट धरून बोललेलं आहे. मी मात्र ते कापून पप्पांच्या एकट्याच्या उशाखाली ठेवलं होतं, जन्मपत्रिका ठेवावी तसं.

माझं दुःख त्या पहाटे संपलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. एवढंच झालं की देवानं मला फसवलं हे मनातून गेलं. ऐकण्यात चूक माझी होती. आणि 'घरं बांधा, मळे लावा' हे शब्द मी उचलले. त्याच आठवड्यात परसात शेवगा लावला. दर उन्हाळ्यात तू ज्याच्या शेंगा खातेस, तोच तो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: हो, देव त्या वचनातून तुझ्याशी बोलू शकतो, चिठ्ठीनं आलं तरी. पण मोबाईलवर फुलांच्या चित्रावर छापून आलेली एक ओळ वाचली, हात जोडणारं चित्र पुढं पाठवलं आणि आज सगळं चांगलं होणार म्हणून निघालीस, तर ते पेपरातलं राशिभविष्यच झालं. ओळीच्या आत शिर. कोण बोलतंय, कुणाला, कुठल्या संकटात, हे बघ. "त्याच्या करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते" हे वचन तुझ्या लहानपणी आपल्या भिंतीवर होतं, उगवत्या सूर्याच्या चित्रासह. ते विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे, जळून गेलेल्या शहराच्या राखेत बसून म्हटलेलं. त्याच्या वरच्या ओळी कडू दवण्याच्या आणि विषाच्या आहेत. त्या वाचल्या की ही सकाळ किती महाग आहे ते कळतं.

तू म्हणशील, आई, बारा तासांची ड्युटी करून अध्याय वाचायला वेळ कुठून आणू? तुझ्या आजीला आठव. तिला अक्षर येत नव्हतं. पहाटे ती चुलीपुढं बसायची, आजोबा उंबऱ्यात कंदील घेऊन एक वचन वाचायचे. एकदाच नाही, तिच्या तोंडात बसेपर्यंत. पीठ मळताना एकदा, भाकरी थापताना एकदा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवताना एकदा. मग दिवसभर खुरपताना ती तेच पुटपुटत राहायची. पहिल्या स्तोत्रात 'रात्रंदिवस मनन करतो' असं आहे ना, तिथला मूळ इब्री शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटण्याचा आहे, हे मला फार उशिरा एका शिबिरात कळलं. यशयात तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आला आहे, सोडत नाही तो. आजीला शिबिराची गरज पडली नव्हती. रोज एकच घे, पण दिवसभर सोडू नकोस. सुट्टीच्या दिवशी त्याच्या मागचा-पुढचा अध्याय वाच. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पानं वाचून हिशेब पुरा करू नकोस. अरण्यात देव रोज द्यायचा ते अन्न, तो मान्ना आठव, उद्यासाठी साठवला की त्यात किडे पडायचे. प्रभूनंही आपल्याला "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" एवढंच मागायला शिकवलं. आपल्या शास्त्रात 'भाकर' आहे याचा मला दर वेळी आनंद होतो. भाकरी रोजची रोज थापावी लागते, हे आपल्या बायकांना कुणी समजावायला नको.

प्रार्थनेचं म्हणशील तर छापील प्रार्थना वाईट नाही. शब्द सुचत नाहीत त्या दिवशी ती काठीसारखी धर. पण तिच्यावरच राहू नकोस. आणि मराठीत कर. तिथं दिवसभर तू जर्मन बोलतेस, मैत्रिणींशी इंग्रजी. देवाशी घरच्या भाषेत बोल. पंडिता रमाबाईंनी उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र सोप्या मराठीत आणलं, का, तर खेड्यातल्या साध्या बाईला ते कळावं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी शेवटची मुद्रितं तपासून हातावेगळी केली होती. केडगावला मुक्तिमिशनमध्ये आपण गेलो होतो तेव्हा तू लहान होतीस, तुला तिथली चिंचेची झाडंच तेवढी आठवत असतील. एका बाईनं आपल्या भाषेसाठी इतकी वर्षं घालवली, तर आपण त्या भाषेत चार वाक्यं तरी बोलावीत.

रड आली तर रड, तक्रार असेल तर कर. स्तोत्रांत तक्रारी थोड्याथोडक्या नाहीत, आणि देवानं त्या आपल्या पुस्तकातून काढून टाकलेल्या नाहीत. मी ते सात-आठ महिने गप्प बसले, ती माझी खरी चूक. रागावून बोलले असते तरी चाललं असतं.

यिर्मयाच्या त्या पत्रावरून मी तुझ्यासाठी एक प्रार्थना लिहिली आहे. ड्युटीवर जाताना ट्राममध्ये म्हण, मग हळूहळू तुझे शब्द घाल:

हे प्रभू, तू मला ज्या शहरात आणलंस त्याचं भलं कर. आज रात्री माझ्या हाताखालून जे रुग्ण जातील त्यांची नावं मला नीट उच्चारता येत नाहीत, तुला येतात. घाईत माझा हात कुणावर कठोर पडू देऊ नकोस. घरची आठवण माझ्यातून काढून घेऊ नकोस, पण तिच्याखाली मला दबूही देऊ नकोस. माझी आई तिकडं एकटी आहे, तिला झोप दे. येशूच्या नावानं मागते. आमेन.

शेवटचं वाक्य मी माझ्या लोभानं घातलं आहे, ते राहू दे.

माळ्यावरची ट्रंक मी दिवाळीच्या सुट्टीत खाली काढली. डबी आहे तशी आहे, चिठ्ठ्यांना थोडी कसर लागली आहे. पप्पांचं कार्ड आता माझ्या शास्त्रात एकोणतिसाव्या अध्यायात ठेवलं आहे, डागासकट.

आणि हो, आज सकाळी माझं वाचन तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायावर आलं. पौल तुरुंगातून लिहितोय, शेवटचं पत्र, आणि त्यात म्हणतो, त्रोवसात कार्पाच्या घरी माझा झगा राहिला आहे तो येताना घेऊन ये, पुस्तकंही आण, आणि हिवाळ्यापूर्वी ये. हे वचन कधी कुठल्या कॅलेंडरवर पाहिलंस का? मी नाही पाहिलं. पण मी ते आजच्या दिवसाचं म्हणून घेतलं आणि उठून तुझं कपाट उघडलं. तुझी मरून शाल तू इथंच विसरून गेली आहेस. तुला नाताळ झाल्याशिवाय सुट्टी नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून उद्या ती पोस्टात टाकते. सोबत शेंगदाण्याची चटणी आहे, डबा दोन पिशव्यांत बांधला आहे, शालीला तेल लागायला नको. पोचली की फोन कर.

त्या आजींना माझा सलाम सांग.

तुझी,
आई