स्टिअरिंगला हात न लावणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, चहा घे" म्हणून विषय बदलता. वर्षभरात चार वेळा असं झालं. म्हणून हे पत्र उघडच लिहिते आहे. आपल्या डेट्रॉइटकडच्या मंडळींनीही वाचावं, आणि पहिल्यांदाच जुनी गाडी घ्यायला निघालेल्या कुणाला यातलं काही उपयोगी पडलं तर मला बरंच वाटेल.

मला हवी होती १९८७ची ब्यूक ग्रँड नॅशनल. डोक्यापासून पायापर्यंत काळी, चौकोनी, समोरून पाहिली तर भुवया आवळून बसल्यासारखी. अमेरिकेत मसल कार म्हटलं की आठ सिलिंडर, आणि हिच्या बॉनेटखाली सहाच. ३.८ लिटरचं व्ही-सिक्स, त्याला टर्बो आणि टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर. कंपनीने सांगितलेली ताकद २४५ अश्वशक्ती. त्याच वर्षीच्या कॉर्व्हेटची होती २४०. ब्यूक म्हणजे आजीआजोबांची गाडी समजली जायची, आणि तिने स्पोर्ट्स कारला मागे टाकावं, या एका गोष्टीने मी वेडी झाले होते. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ऑगस्टमधल्या ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मेळ्यात, पहिल्यांदा पाहिली आणि घरी येऊन कोल्हापूरला बाबांना फोन केला. बाबांची सगळी उमेद शिरोलीच्या फाउंड्रीत गेली. ते म्हणाले, "टर्बो? म्हणजे ट्रकला असतो तोच की!" तोच. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची.

बाकी सगळ्यांनी एकच ऐकवलं, तेवढ्या पैशात नवी कोरी गाडी येते. तुम्ही मात्र तीन प्रश्न विचारलेत. गॅरेज बंदिस्त आहे का? रोजच्या जाण्यायेण्याला दुसरी गाडी आहे ना? आणि किमतीच्या पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढता येईल का? तिन्हींची उत्तरं "हो" आल्यावर म्हणालात, "मग शोधूया. पण शोधणारी तू. मी सोबत येईन."

त्या "सोबत येईन"चा अर्थ मला पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा कळला.

आठवतंय ना, इथून अर्ध्या तासावरची ती? रंग असा चकचकीत की त्यात माझा चेहरा दिसत होता. माझ्या पर्समध्ये चेकबुक होतं आणि मनात मी ती घेऊनही टाकली होती. तुम्ही खिशात हात घालून दोन पावलं मागे उभे राहिलात आणि टॉर्च माझ्या हातात दिलात. "डिकी उघड. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला असेल, तो वाच." झाकणाला खालून चिकटवलेला तो पिवळट पडलेला कागद. कारखान्यातून निघताना गाडीत काय काय बसवलं होतं त्याचे कोड ओळीने छापलेले. तुम्ही म्हणालात, "डब्ल्यूई२ शोध. तो ग्रँड नॅशनलचा कोड." मी दोनदा शोधलं, मग बोट फिरवत एकेक कोड मोठ्याने वाचला. नव्हताच. मग तुम्ही दाराकडे नुसती मान हलवलीत. मी दाराच्या कडेचं रबर नखाने थोडं उचललं. आत राखाडी रंग.

विकणाऱ्याचाही दोष असेलच असं नाही, त्यालाही कुणी तशीच विकली असेल. व्हिन नंबरातला, म्हणजे चासी नंबरातला, आठवा आकडा ७ होता, म्हणजे टर्बो इंजिन कारखान्यातलंच. ती टर्बो रीगल होती, म्हणजे ज्या मॉडेलवरून ग्रँड नॅशनल बनवली ते; तेच इंजिन, तीच ताकद. मागाहून काळी करून तिला ग्रँड नॅशनलचे बिल्ले लावले होते आणि किंमतही ग्रँड नॅशनलचीच मागत होते. बाहेर आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "गाडी चांगली आहे, नाव खोटं आहे. आता तू ठरव." मी रडवेली झाले होते, तरी तुम्ही निर्णय माझ्याच हातात ठेवलात. परत जाऊन त्या माणसाला "नको" मीच सांगितलं. आयुष्यात इतका मोठा सौदा मी त्याआधी कधी मोडला नव्हता.

दुसरी गाडी केंटकीत, लेक्सिंग्टनजवळ. ती दक्षिणेतली आहे याचाच तुम्हाला जास्त आनंद झाला होता. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने या गाड्यांची चासी मागच्या चाकांच्या मागे आतून खाल्लेली असते आणि वरून रंग मात्र शाबूत दिसतो. आय-७५ने साडेपाच तास गेलो. काकूंनी दिलेली थालीपिठं आणि लसणाची चटणी टोलीडो यायच्या आधीच संपली. मग तुम्ही या इंजिनाची गोष्ट सांगितलीत. ब्यूकने १९६२ साली हे व्ही-सिक्स आणलं, नको झालं म्हणून १९६७ मध्ये त्याची सगळी यंत्रसामग्री कैसर जीपला विकली. पुढे १९७३चं तेलसंकट आलं, लोक कमी पेट्रोल पिणारी इंजिनं मागू लागले, तेव्हा तेच विकलेलं इंजिन १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडून परत विकत घेतलं, कारण मधल्या काळात कैसर जीप त्यांच्याकडे गेली होती. १९७८ पासून त्याला टर्बो लावून गाड्या विकायला सुरुवात केली आणि त्याच वाटेने पुढे ग्रँड नॅशनल आली. एकदा टाकून दिलेल्या इंजिनाने हे करून दाखवलं! सिनसिनाटी कधी मागे पडलं मला कळलंच नाही.

तुम्ही हेही सांगितलंत की १९८७ साली तुम्ही इथे नवीन होतात, संध्याकाळी वुडवर्डवर या गाड्या पाहायला उभे राहायचात, आणि घेण्याची ऐपत आली तेव्हा घरात दोन मुलं होती, म्हणून व्हॅन घेतलीत. ते सांगताना तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. मी काही बोलले नाही, पण ते माझ्या मनात राहिलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला फोन करायला लावला होता, "आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर पहिलं काम, बॉनेट उघडून एक्झॉस्टच्या पाइपला हात लावून पाहणं. गार होता. मालक प्रामाणिक आहे हे तिथेच अर्धं कळलं. पहिल्या स्टार्टला मी मागे उभी राहून धूर पाहिला. निळा असेल तर तेल जळतंय, टर्बोचं सील गेलेलं असू शकतं. पांढरा येतच राहिला तर हेड गास्केट फुटून इंजिनात पाणी शिरतंय. थोडी वाफ आली आणि गेली. डिकीत डब्ल्यूई२ होता. मी खाली झोपून चासीवर स्क्रूड्रायव्हर टोचत गेले, सगळीकडे टणक आवाज.

मग तुम्ही बॅगेतून ती छोटी आकड्यांची डबी काढलीत आणि डॅशबोर्डखालच्या सॉकेटला मला जोडायला लावलीत. इंजिनात नॉक होतंय का, आणि झालं तर कॉम्प्युटरला ठिणगीची वेळ किती अंश मागे घ्यावी लागतेय, हे ती दाखवते. टर्बो गाडीचा खरा शत्रू हाच. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढला आणि पेट्रोलने वेळेआधी पेट घेतला की पिस्टनवर हातोडा बसल्यासारखं होतं. मालकाने दाबली, टर्बोची शिट्टी चढत गेली, मी सीटला चिकटले आणि डबीवर आकडा आला सहा. मला वाटलं, संपलं, पुन्हा रिकाम्या हाताने परत.

तुम्ही मागच्या सीटवरून शांतपणे म्हणालात, "त्यांना विचार, चिप कुठली आहे?" मालकाने बाजूच्या सीटच्या पायापाशी असलेलं पॅनेल उघडलं. आत इंजिनाचा कॉम्प्युटर, त्यात ठिणगी आणि पेट्रोलचं गणित ठरवणारी चिप, तीही रेसच्या पेट्रोलसाठी बनवलेली, आणि टाकीत पंपावरचं साधं पेट्रोल. मूळ चिप त्यांच्या ड्रॉवरमध्ये पाकिटात जपून ठेवलेली निघाली. बॅटरीची वायर काढून त्यांनी ती बसवली, आपण जाऊन टाकी ९३ ऑक्टेनच्या, म्हणजे सहज नॉक न होणाऱ्या, पेट्रोलने भरली आणि पुन्हा त्याच रस्त्यावर, या वेळी मी चालवत. आकडा शून्य. चढावरही शून्यच. तुम्ही म्हणालात, "बूस्ट वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. ज्यांनी तो आवरला त्यांच्या गाड्या अजून चालतायत."

मी सौदा पक्का केला आणि चावी तुमच्यापुढे धरली. म्हटलं, "काका, घरापर्यंत तुम्ही चालवा." तुम्ही हात मागे घेतलात. "गाडी तुझी आहे. पहिले हजार मैल तूच चालव. तिची सवय तुझ्या पायाला व्हायला हवी." आणि साडेपाच तास तुम्ही तुमच्या गाडीतून माझ्या मागेमागे आलात.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र खरं तर लिहायचं होतं, ती. पुढच्याच रविवारी तुम्ही मला शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलंत. या गाडीच्या ब्रेकला मदत करतो तो विजेवर चालणारा पंप. त्याच्याजवळ मुठीएवढा गोळा असतो, त्यात दाब साठतो. किल्ली बंद ठेवून पेडल दहा वेळा दाबायचं, दाब संपवायचा, मगच ब्रेकच्या तेलाची पातळी बघायची. दाब भरलेला असताना बघितली तर तेल कमी दिसतं, माणूस वरून ओततो आणि नंतर सगळं बाहेर सांडतं. मग किल्ली फिरवायची आणि पंपाची घरघर मोजायची. वीस सेकंदांच्या आत थांबली पाहिजे. माझी सतरा-अठराला थांबत होती. तुम्ही "हं" म्हणालात आणि पंपाची वायरच काढून ठेवलीत. "आता दहाच्या स्पीडने चालव आणि ब्रेक मार."

पेडल दगडासारखं. पहिल्यांदा मी घाबरून पाय उचलला. तुम्ही बाहेर उभे राहून ओरडलात, "उचलू नको! आख्ख्या पायाने दाब, पाठ सीटला टेकव!" आठ-दहा वेळा करून घेतलंत. गाडी थांबत होती, पण कुठल्या कुठे जाऊन. किती पुढे जाते ते तुम्ही डांबरावर खडूने खूण करून दाखवलंत.

बाराव्या दिवशी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये, बिग बीव्हर रोडवर, सिग्नल लाल झाला, डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला आणि पेडल तसंच झालं, दगडासारखं. काका, मला विचार करावाच लागला नाही. पाठ सीटला टेकली, पाय उचलला नाही, गिअर खाली आला. पुढच्या गाडीत मी रोजच्यापेक्षा दुप्पट अंतर ठेवलं होतं, तेही तुमच्या त्या खडूच्या खुणेमुळे. त्या गाडीच्या मागच्या सीटवर एक लहान मूल बसलं होतं. त्याचं डोकं मला दिसत होतं. मी हातभर अंतरावर थांबले.

तुम्हाला फोनवर मी फक्त "पंप गेला" एवढंच सांगितलं होतं. ते मूल होतं हे आज सांगते आहे.

त्यानंतरचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मूळ पंप दुरुस्त करायचा की बहुतेक गाड्यांना असतो तसा, इंजिनाच्या ओढीवर चालणारा व्हॅक्यूम बूस्टर बसवायचा, हेही तुम्ही मलाच ठरवायला लावलंत. मी बूस्टर घेतला, जुना पंप खोक्यात घालून तळघरात जपून ठेवला. इन्शुरन्स ठरलेल्या किमतीचा घेतला, नाहीतर कंपनीच्या लेखी ती नुसती जुनी ब्यूक. पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्यांची हिस्टॉरिक नंबर प्लेट मिशिगनमध्ये स्वस्त मिळते, पण तिच्यावर ऑगस्ट सोडला तर प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम आणि मिरवणुका यांनाच गाडी काढता येते. मला मनात येईल तेव्हा काढायची होती, म्हणून साधीच प्लेट लावली. घरी आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवते, टर्बो निवू देते, मगच किल्ली काढते. गडबडीतही हे चुकत नाही.

शेवटची गाडी पाँटियाकच्या कारखान्यातून ११ डिसेंबर १९८७ला बाहेर पडली. त्या वर्षी वीस हजारांहून थोड्या जास्त बनल्या, त्यातली एक माझ्या गॅरेजमध्ये उभी आहे, आणि ती काय आहे हे मला बोटांनी माहीत आहे. टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, किल्ली, सगळं तुम्ही माझ्या हातात दिलंत. तुमच्याइतकं ज्ञान असलेल्या माणसाला दोन पावलं मागे उभं राहणं किती जड गेलं असेल! मला शिकवण्यासाठी तुम्ही ते केलंत. मनापासून, अगदी मनापासून आभार.

या शनिवारी तेल बदलायचं आहे. कॅमशाफ्टसाठी जास्त जस्त असलेलं तेल आणून ठेवलं आहे, फिल्टरही आणला आहे. ते माझं मी करेन.

आणि काका, परवा ओडोमीटर पाहिला. लेक्सिंग्टनपासून एक हजार चार मैल झाले. रस्त्यावर मीठ पडायच्या आत एक संध्याकाळ मोकळी ठेवा. मी तुमच्या दारात गाडी आणते, शेजारच्या सीटवर बसते, वुडवर्डवर तुम्ही चालवा.

तुमची,
कोल्हापूरची पोरगी