तिसावी आयत कोणी वाचायची?

मा. संपादक,

बुरख्यावर आपल्या अंकात सध्या पत्रापत्री चालू आहे. एका वाचकांच्या मते बुरखा म्हणजे गुलामी. त्यांना उत्तर देणाऱ्या भाईंच्या मते तो बाईची इज्जत. दोन्ही पत्रं पुरुषांची. मी म्हसळ्याला बुरखे शिवते, स्वतःही घालते, म्हणून म्हटलं आपणही मध्ये तोंड घालावं.

भाईंनी कुरआनातल्या सूरह नूर या अध्यायाचा हवाला दिला, ते बरं केलं. पण त्यांनी एकतिसावी आयत (वचन) सांगितली, ज्यात बायकांनी ओढणी छातीवर घ्यावी असं आहे. तिच्या लगेच आधीची तिसावी त्यांनी गाळली. तिच्यात अल्लाहनं पैगंबरांना सांगितलंय की, मोमिन (श्रद्धावान) पुरुषांना सांगा, नजर खाली ठेवा आणि आपली लाज राखा. आधी पुरुष, मग बायका. आमच्याकडच्या बयानांत (प्रवचनांत) मात्र सुरुवातच बायकांपासून होते आणि पुरुषांपर्यंत यायच्या आत दुआ सुरू होते.

बुखारी शरीफ या संग्रहात एक हदीस आहे, म्हणजे पैगंबरांच्या वागण्या-बोलण्याची आठवण. शेवटच्या हजच्या वेळची गोष्ट. पैगंबरसाहेबांच्या (स.) मागे उंटावर त्यांचा चुलतभाऊ फज़ल बसला होता. खसअम कबिल्यातली एक तरुण, देखणी बाई मसला (धर्माचा प्रश्न) विचारायला आली. बाप म्हातारा झालाय, वाहनावर बसवत नाही, त्याच्या वतीनं मी हज करू का? फज़ल तिच्याकडे बघतच राहिला. पैगंबरांनी हात घालून फज़लचं तोंड दुसरीकडे फिरवलं आणि बाईला उत्तर दिलं, हो, कर. झालं. तिला झापलं नाही, मागे हो म्हटलं नाही. आणि इहराममध्ये, म्हणजे हजच्या विधींच्या अवस्थेत, बाईनं नकाब (चेहऱ्यावरचा पडदा), हातमोजे घालायचे नाहीत, असंही बुखारीतच आहे. चेहरा झाकायचा की नाही यावर आलिमांची (धर्मपंडितांची) मतं आजची नाहीत, शेकडो वर्षांपासून वेगवेगळी आहेत. मी नकाब शिवते, घालत नाही. घालणारीला नावं ठेवत नाही.

पुरुषांच्या कपड्यांचेही नियम आहेत, हे आपल्या बिगर-मुस्लिम वाचकांना बहुतेक ठाऊक नसेल. आमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असून नसल्यासारखं. नाभीपासून गुडघ्यापर्यंत झाकलेलं हवं. सोनं आणि रेशीम पुरुषाला हराम. मोठेपणा मिरवायला कपडा जमिनीवर लोळवायचा नाही. आता आमच्या मोहल्ल्यातली पोरं अर्ध्या मांड्या दिसतील अशा चड्ड्या घालून क्रिकेट खेळतात, लग्नात नवरदेवाच्या बोटात सोन्याची अंगठी चमकते आणि मौलाना शेजारी बसून बिर्याणी खातात. मला त्या पोरांशी काही भांडायचं नाही, खेळू देत. पण तीच पोरं बहिणीच्या केसांची एक बट बाहेर आली की कपाळाला आठ्या घालतात, तेव्हा हातातली कात्री टेबलावर आपटावीशी वाटते.

आता कापडाचं. माझी आजी पातळ नेसायची, डोक्यावर पदर. तेवढ्यावर तिचं सगळं आयुष्य निघालं, नमाजही सुटली नाही. काळा अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, आमच्या भागात आणला तो कुवेत, सौदी, दुबईला नोकरीला गेलेल्यांनी. आता निदा कापडाचे तागेच येतात. रुंद पन्ह्याचं, अंगाला न चिकटणारं, धुतलं तरी काळं राहणारं. बुरख्याला सैलपणा हवा म्हणून मी छातीत आणि कमरेत ढिलाई सोडून कापते. ट्रायलला गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, दोन्ही बाजूंनी कापड चिमटीत धरतं आणि म्हणतं, "आपा, इथं जरा आत घ्या ना." वर इस्त्रीनं चिकटवायचे खडे, बाहीला लेस, पाठीवर मोर. मी घेते आत, लावते खडे. शिलाईवर घर चालतं. पण त्याच एकतिसाव्या आयतीत पुढे असंही आहे की, लपलेला दागिना कळावा म्हणून पाय आपटत चालू नका. मुद्दा लक्ष वेधून न घेण्याचा आहे. पाठीवर मोर घेऊन निघालेली बाई साध्या सलवार-कुर्त्यातल्या बाईपेक्षा जास्त परदानशीन कशी, हे मला कोणी समजावून द्यावं.

ज्यांना सगळ्या बुरखेवाल्या एकाच साच्यातल्या वाटतात, त्यांनी माझ्याकडे एक संध्याकाळ येऊन बसावं. एक मुलगी येते, तिची आई साधी ओढणीवाली, आईचा विरोध असून हिनं हिजाब धरलाय. दुसरी नवऱ्याच्या धाकानं घालते, मापं देताना एक शब्द बोलत नाही. तिसरी हसून सांगते, आत कालचा ड्रेस असला तरी कोणाला कळतंय, पटकन एसटी गाठता येते. कॉलेजच्या पोरी खिसा मागतात, खोल, मोबाईल आणि पास मावेल एवढा. पूर्वी बुरख्याला खिसा कोणी मागत नव्हतं. त्यांना कुठं कुठं जायचंय ते त्या खिशावरून कळतं.

म्हणून कॉलेजच्या दारात स्कार्फ काढायला लावतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे धर्म येत नाही, त्या पोरी येतात. उडुपीच्या कॉलेजातल्या हिजाबबंदीचं प्रकरण कर्नाटक हायकोर्टात पोरींच्या विरुद्ध गेलं, ऑक्टोबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. त्यांतल्या न्या. धुलियांनी मुलींच्या शिक्षणाचा विचार सगळ्यात पुढे ठेवला, मला तो पटला. त्याच्या महिनाभर आधी इराणात महसा अमिनी ही बावीस वर्षांची पोरगी हिजाब नीट नाही म्हणून पकडली गेली आणि पोलिसांच्या ताब्यात असताना दगावली. त्याच इराणात 1936 साली तिथल्या राजानं, रझा शहानं, बायकांच्या डोक्यावरची चादर सक्तीनं उतरवली होती. तेव्हा शिपाई ओढून काढत होते, आता ओढून घालतात. दीनमध्ये (धर्मात) जबरदस्ती नाही हे कुरआनच्या सूरह बकरात आहे, ते इराणच्या मौलवींना माझ्यापेक्षा चांगलं पाठ असणार.

गुलामीवाल्या वाचकांना एवढंच सांगते की, माझ्या डोक्यावर काय असावं हे मी ठरवलेलं आहे, आपण काळजी करू नये. आणि ज्या बाईवर खरंच जबरदस्ती होते तिला बुरखाबंदीनं मोकळीक मिळत नाही. तिचं घराबाहेर पडणंच बंद होतं. भाईंना विनंती, पुढच्या पत्रात तिसावी आयतही लिहा, जागा कमी पडली तर एकतिसावी निम्मी ठेवा.

संपादकसाहेब, या विषयावर परिसंवाद घेणार असाल तर एखाद्या शिवणारीला बोलवा. रमजानचे शेवटचे दहा दिवस सोडून कधीही येईन. तेव्हा ईदची शिलाई असते, मान वर करायला फुरसत नसते.

— एक वाचक, म्हसळा (रायगड)